दहा अंश

प्रिय वाटी,

छोटीचं कोपर गेल्या बुधवारी एकशेपाच अंशांपर्यंत वाकत होतं, काल ते पंच्याण्णवलाच अडलं. व्यायामाच्या बाईंनी दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा आकडा तोच आला, असं जावईबापूंनी मला काल संध्याकाळी फोनवर सांगितलं. प्लास्टर निघून सोळा दिवस झाले. हाड नीट जुळलं आहे, असं डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले आहेत. मग हात पुढे जायच्या ऐवजी मागे का आला, हे तिथे कोणाला उमगलेलं नाही. त्यानंतर अर्ध्या तासाने तुझा फोन आला. "बाबा, शनिवारी या, तेल घेऊन या, आणि एकदाचं मोकळं करा तिचं कोपर. माझं झालं ते माझ्या लेकीचं होऊ देणार नाही मी." मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर तुझ्या आईने एवढंच विचारलं, "कुठल्या तोंडाने हो म्हणालात?"

तर मी येणार नाही. आई येते आहे. तिची बस दीडची आहे. तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून ती पर्यवेक्षकासारखी बसली आहे. मधूनच विचारते, "किती झालं?" मी म्हणतो, अर्धं. ती म्हणते, "अर्धं तर गेली पंचवीस वर्षं झालेलंच आहे." हे पत्र ती तुझ्या हातात देईल आणि तू वाचून होईपर्यंत समोरून हलणार नाही. तू आधी चहा टाकायला जाशील, तर तेही करू देणार नाही.

तुला वाटी हे नाव कसं पडलं ते तू सगळ्यांना सांगत असतेस, त्यामुळे मी नव्याने सांगायची गरज नाही. पण आज मला तिथूनच सुरुवात करावीशी वाटते. तू तीन वर्षांची होतीस. आईला ताप होता, म्हणून तुला मी कामावर घेऊन गेलो होतो. डॉक्टरकीच्या कॉलेजात, शरीररचना विभागाच्या मागच्या खोलीत, लांब टेबलावर हाडं मांडलेली होती. इतर मुलं घाबरली असती. तू गुडघ्याची वाटी उचललीस, मुठीत धरलीस आणि संध्याकाळपर्यंत सोडली नाहीस. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "सांधेमास्तर, मुलगी तुमचीच आहे, शंका नको." त्या दिवसापासून तू वाटी झालीस.

माझं काम तुला पाठ आहे. पेटीतून सुटी हाडं यायची, मी ती धुवायचो, वाळवायचो, डावी-उजवी वेगळी करायचो, बारीक भोकं पाडून पितळी तारेने ओवायचो. जबड्याला स्प्रिंग, मणक्यांच्या मध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या, गुडघ्याला पट्टी. महिन्या-दीड महिन्यात एक माणूस उभा राहायचा, आणि हात धरून हलवला की हलायचा. तू शाळेतून आलीस की माझ्यासमोर स्टुलावर बसायचीस आणि मी तुला सांगायचो. खांदा म्हणजे उखळ, सगळीकडे फिरतो, म्हणून सगळ्यांत आधी निखळतो. कोपर म्हणजे बिजागरी, पुढे आणि मागे, बस. पण कोपराखालची दोन हाडं एकमेकांवरून ओलांडतात, म्हणून तळहात उलटासुलटा होतो. मानेचा वरचा सांधा 'हो' म्हणायचा आणि त्याच्या खालचा 'नाही' म्हणायचा. तू तासभर मान हलवत बसायचीस आणि मग म्हणायचीस, "बाबा, 'माहीत नाही' म्हणायचा सांधा कुठला?" मी म्हणायचो, खांदा. तुला ते पटायचं.

माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती, ही खरी अडचण. मी दहावीच्या पुढे शिकलो नाही, पण पुढे मोठे झालेले कितीतरी डॉक्टर माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, "मास्तर, हे डावं की उजवं?" मी न बघता, नुसतं बोटांनी चाचपून सांगायचो. विद्यार्थी त्याच्या पैजा लावायचे. शेजारीपाजारी गुडघा धरला, मान अवघडली, की माझ्याकडे यायचे, आणि मी चोळून द्यायचो. बहुतेकांना बरं वाटायचं. आता कळतं की त्यातल्या बहुतेकांना तसंही बरं वाटणारच होतं.

तू नऊ वर्षांची असताना शाळेच्या मैदानातल्या लोखंडी बारवरून पडलीस. कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडलं, छोटीचं मोडलं अगदी तिथेच. मुलांचं तिथेच मोडतं. ते हाड खाली चपटं आणि पातळ होत जातं, मागच्या बाजूला एक खळगी असते, हात सरळ केला की खालच्या हाडाची चोच तिच्यात जाऊन बसते. ही खळगी मी तुला दाखवलेली होती. प्लास्टर चार आठवडे होतं. निघालं तेव्हा हात काटकोनात अडकलेला. हाडांचा डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, "घाबरू नका. मुलांचं कोपर असं आखडतंच. तिचा हात तिचा तिला हलवू द्या. चोळायचं नाही, ओढायचं नाही, वजन लटकवायचं नाही. दोन-तीन महिने जातील." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हा मला शिकवतोय! नऊ-दहा वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत याने गळपट्टीचं हाड उलटं धरलं होतं, आणि मी मागे उभा राहून खूण केली म्हणून पास झाला होता.

घरी आल्यावर आई म्हणाली, "डॉक्टर नको म्हणालेत ना?" मी म्हणालो, "तो दोन महिने थांब म्हणतो, कारण त्याला कळत नाही काय करायचं." माझ्या डोळ्यांसमोर माझे सांगाडे होते. बरेच दिवस वापरात नसलेल्या सांगाड्याचं कोपर आखडतं, तारेवर हिरवट थर चढतो. मग तेलाचे दोन थेंब सोडायचे, धरायचं, रोज थोडं थोडं पुढे रेटायचं. आठवड्याभरात बिजागरी खुळखुळीत होते. हे मी शेकडो वेळा केलं होतं आणि एकदाही चुकलं नव्हतं.

पुढचं तुला आठवतं, पण तुला ते वेगळं आठवतं. तुला आठवतं की बाबा रोज सकाळी आणि संध्याकाळी कोमट तेल लावून तुझा हात वाचवायला झटत होते. तू परवाच जावईबापूंना सांगत होतीस म्हणे, की बाबांनी जिवाचं रान केलं, पण प्लास्टरवाल्याने आधीच वाट लावून ठेवली होती. मला आठवतं ते असं. आई तुझा खांदा धरून बसायची आणि तोंड भिंतीकडे करायची. मी दंड पुढच्या बाजूने अंगठ्याने दाबत खाली आणायचो आणि मग मनगट धरून रेटायचो. तू ओरडायचीस. मी म्हणायचो, "दुखतंय म्हणजे सुटतंय." पहिले चार-पाच दिवस हात खरंच थोडा जास्त वाकला. मग तो मागे येऊ लागला. मी जोर वाढवला. दंडाची पुढची बाजू गरम लागायला लागली, आणि आत काहीतरी घट्ट, सुपारीएवढं हाताला लागलं. मी ते विरघळवायला आणखी चोळलं.

दीड महिन्याने डॉक्टरने हात पाहिला. त्याचा चेहरा बदलला. त्याने मला विचारलं, "मालिश केलंत का?" तू माझ्या शेजारी उभी होतीस. मी म्हणालो, "नाही." तू वर माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, "कोणीच नाही?" तेव्हा मी आवाज चढवला. बाहेरच्या बाकांवरच्या लोकांना ऐकू जाईल असं म्हणालो, की तुम्ही प्लास्टर जास्त दिवस ठेवलंत, आता खापर आमच्यावर फोडू नका. तो लाल झाला. पुढे तो दुसरीकडे निघून गेला. त्याने केसपेपरवर 'मालिश करू नये' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तो कागद मी फाडून टाकला.

त्यानंतर तू डाव्या हाताने लिहायला शिकलीस. उजवा हात तोंडापर्यंत पोचत नाही म्हणून डाव्या हाताने जेवायला शिकलीस. वेणी घालता येत नाही म्हणून केस कापून टाकलेस आणि सगळ्यांना सांगितलंस की मला आखूडच आवडतात. आता भूगोल शिकवताना तू फळ्यावर डाव्या हाताने नकाशा काढतेस, आणि मुलं म्हणतात, बाईंसारखा समुद्रकिनारा कोणाला जमत नाही. मला हे सांगताना तू हसतेस. मी पण हसतो. मग मी आत जाऊन उगाच नळ सोडतो.

खरं काय ते मला कळलं तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. मी तुझा एक्स-रे विभागप्रमुख बाईंना दाखवायला नेला होता. उद्देश असा की त्यांच्या तोंडून त्या डॉक्टरची चूक ऐकावी. बाईंनी फिल्म खिडकीच्या काचेला धरली. म्हणाल्या, "मास्तर, तुम्हीच सांगा, यात कुठलं हाड तिथलं नाही?" मी बघितलं. दंडाच्या पुढे, स्नायूच्या जागी, एक पांढरा पूल होता. दोनशे सहा हाडं मला झोपेतही ओळखता येतात, हे त्यांतलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "मोडलेल्या हाडाजवळचा स्नायू फाटलेला असतो, आत रक्त साकळलेलं असतं. त्याला शांत राहू दिलं तर ते जिरतं. चोळलं, रेटलं, तर पुन्हा पुन्हा फाटतं आणि शरीर गोंधळतं, तिथेही हाड घडवायला लागतं. कोणी चोळलं?" मी म्हणालो, "कोणी नाही." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं, फिल्म पाकिटात घातली आणि म्हणाल्या, "बरं." त्या निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला पुन्हा कधी तुझ्या हाताबद्दल विचारलं नाही.

एवढी साधी गोष्ट होती, वाटी. माझ्या माणसांना स्नायू नव्हते, रक्त नव्हतं. मी आयुष्यभर सांधे जोडले, पण एकही जिवंत सांधा आतून पाहिला नव्हता. जिवंत सांध्याला बाहेरचं तेल पोचतच नाही. त्याचं वंगण त्याच्या आतच तयार होतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिला रक्तवाहिन्या नसतात. माणूस हालचाल करतो तेव्हा ती स्पंजासारखी दबते आणि सुटते, आणि ते वंगण पिऊनच जगते. म्हणजे हात हलायला हवाच, पण ज्याचा आहे त्याने, त्याला सोसेल तेवढा. हे मी नंतर वाचलं, बाईंच्या कपाटातलं पुस्तक चोरून, शब्दकोश शेजारी ठेवून.

याहून वाईट एक गोष्ट आहे आणि ती आईने मला आत्ता लिहायला लावली. मी ती गाळली होती. तू वीस वर्षांची असताना स्वतःहून एका सर्जनकडे गेली होतीस. त्यांनी सांगितलं होतं की ते जादाचं हाड काढता येईल, हात पूर्ण नाही, पण तोंडापर्यंत पोचेल इतका वाकू शकेल. आधी सगळा इतिहास लागेल, वडिलांना घेऊन या. तू आनंदाने घरी आलीस. मी म्हणालो, "एकदा डॉक्टरांनी बिघडवलं, पुन्हा कशाला हात लावू देतेस?" तू दोन दिवस विचार केलास आणि माझं ऐकलंस. तुझ्या हाताची काळजी होती म्हणून मी नको म्हणालो नाही. तो सर्जन मला विचारणार होता, मालिश केलं का, आणि तू शेजारी बसलेली असणार होतीस, म्हणून नको म्हणालो. तू मोठी झाली होतीस. या वेळी मी तुझी नजर टाळू शकलो नसतो.

आई म्हणते, आता जरा श्वास घ्या. मी उठून पाणी प्यायलो. तिने तेवढ्यात मागचं पान वाचलं आणि म्हणाली, "माझंही लिहा. मी खांदा धरला होता. तुमच्या एकट्याचं नाही ते." मी लिहितो, पण तिने धरला तो माझ्या सांगण्यावरून. ती पहिल्या दिवशी नको म्हणाली होती आणि मी तिला गप्प केलं होतं.

आता मी हे आजच का लिहितो आहे, ते. काल जावईबापूंनी मला फोन केला तो नुसता आकडा सांगायला नाही. ते ऑफिसच्या जिन्यात उभं राहून बोलत होते, आवाज दाबून. म्हणाले, "बाबा, तुम्हाला सांगितलं हे तिला कळू देऊ नका, पण मला राहवत नाही. ती सहा दिवसांपासून छोटीचा हात चोळते आहे. तुम्ही करायचात तसंच, अंगठ्याने, वरून खाली. छोटी रडते, आणि ही म्हणते, दुखतंय म्हणजे सुटतंय. आज व्यायामाच्या बाईंनी आकडा मागे गेलेला बघून विचारलं, घरी कोणी हात ओढतंय का? ही म्हणाली, नाही. छोटी तिथेच होती. तिने वर आईकडे पाहिलं." मला विचारायचं होतं, दंड पुढून गरम लागतो का? विचारलं. ते म्हणाले, "थोडा." तू हे सगळं माझ्याकडून घेतलंस, वाटी, अंगठा, वाक्य आणि ते 'नाही'सुद्धा. फोनवर मी तुला थांब म्हणालो असतो, तर तू म्हणाली असतीस, "बाबा, तुम्ही थकलात, मी करते." तू माझ्या हातांवर इतका विश्वास ठेवतेस की त्यांच्याविरुद्ध माझं तोंडी बोलणं तू ऐकलं नसतंस. आज सकाळी छोटीचा हात तुझ्या हाती लागू नये म्हणून मी जावईबापूंना तिला लवकर शाळेत सोडायला सांगितलं होतं, त्याबद्दल त्यांच्यावर रागावू नकोस. संध्याकाळी सहापर्यंत आई तुझ्याकडे पोचेल. सहा दिवस म्हणजे दीड महिना नव्हे; आत्ता थांबलं तर साकळलेलं रक्त जिरू शकतं, असं मला आज सकाळी विभागप्रमुख बाईंनी सांगितलं. हो, मी त्यांना फोन केला, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर एकवीस वर्षांनी दिलं. उद्या शुक्रवारी साडेनऊला हाडांच्या डॉक्टरांकडे छोटीची वेळ घेतली आहे. ते बहुधा पुन्हा एक्स-रे काढतील. इतक्यात त्यात काही दिसेलच असं नाही, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा काढायला सांगतील. तोवर हात विश्रांतीत ठेवायचा आणि मग तिचा तिला हलवू द्यायचा, असं ते म्हणतील. त्याआधी ते तुला विचारतील, मालिश केलं का. छोटी तुझ्या शेजारीच बसलेली असेल.

जसा आहे तसा तुझाच,
बाबा